मदत हवी आहे: टीबी पेशंटच्या रक्ताचा जीन एक्स्प्रेशन डेटा, सगळंच सिग्निफिकंट येतंय (पुणे, एम.एस्सी. प्रोजेक्ट)

वारजे_बायोटेक

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा हात द्या. पुण्यात एम.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. फुफ्फुसाचा टीबी असलेले पेशंट आणि निरोगी लोक यांच्या रक्तात कुठल्या जीनचा आरएनए जास्त आणि कुठल्याचा कमी, हे सिक्वेन्सिंगने बघायचं असा माझा प्रोजेक्ट आहे. एथिक्स कमिटीची परवानगी, संमतीपत्रं वगैरे गाईड मॅडमनी आधीच केलेलं आहे, तो प्रश्न नाहीये.

झालंय असं की निरोगी लोकांचं रक्त आमच्या सीनियरने गेल्या वर्षी घेतलं होतं, साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये (ती रक्त गोठू देत नाही एवढंच), आणि लॅबला आणून आधी लाल पेशी फोडून मग ट्रायझॉल या रसायनाने आरएनए काढून उणे ८० अंशाला ठेवून तो पीएचडीला निघून गेला. पेशंटचं रक्त या वर्षी पॅक्सजीन ट्यूबमध्ये (यात आरएनए टिकवणारं रसायन असतं) घेतलं आणि त्यांच्याच किटने आरएनए काढला, कारण आता ग्रँट आली होती. मग सगळं एकत्र बाहेर एका कंपनीकडे सिक्वेन्सिंगला गेलं आणि त्यांनी एक एक्सेल फाईल आणि रंगीत रिपोर्ट पाठवला.

पीसीए (कुठलं सॅम्पल कोणासारखं हे दाखवणारा आलेख) काढला तर टीबी एका बाजूला, निरोगी दुसऱ्या बाजूला, मध्ये अक्षरशः कोणी नाही. रूममेट म्हणाली पेपरच लिही आता. पण हजारो जीन सिग्निफिकंट (म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा नाही असे) येतायत, इतके कसे येतील? मॅडमनी लॅपटॉपकडे बघून एवढंच विचारलं, "हा टीबी आहे का किट आहे?" आणि त्या कॉन्फरन्सला गेल्या, पुढच्या आठवड्यात येतील.

तर कॉम्बॅट हे सॉफ्टवेअर चालवून बॅच इफेक्ट (सॅम्पल वेगवेगळ्या वेळी, वेगळ्या पद्धतीने हाताळल्याने आलेला फरक) काढून टाकू का? क्यूपीसीआरने (एकेका जीनचा आरएनए मोजायची पद्धत) चारपाच जीन पक्के करून दाखवले तर चालेल का? आणि फाईलमध्ये जीनच्या नावांच्या रकान्यात मध्येच "१ मार्च", "२ सप्टेंबर" असं लिहिलंय ते काय प्रकरण आहे? लॅपटॉप ८ जीबीचा आहे हेही सांगून ठेवते.

निवांत_कोथरूडकर

कॉमर्सवाल्याच्या डोक्यावरून गेलं पण वाचायला मजा आली. दोन बाळबोध शंका. जीन तर जन्मापासून तेच असतात ना, मग पेशंटमध्ये वेगळे कसे? आणि टीबी थुंकी तपासून कळतो, रक्त कशाला?

सूक्ष्मजीव_ताई

@निवांत, शंका अजिबात बाळबोध नाहीयेत. डीएनए जवळजवळ सगळ्या पेशींत तोच असतो, पण कुठली पेशी कुठल्या वेळी त्यातले कुठले जीन वापरते ते बदलतं. सोसायटीत सगळ्या फ्लॅटचं वायरिंग एकच असतं, पण कोणाकडे गीझर चालू आहे आणि कोणाकडे नुसता पंखा ते मीटरवर दिसतं, आणि आरएनए मोजणं म्हणजे हे मीटर वाचणं. फक्त रक्ताच्या एका ट्यूबमधून आरएनए काढला की अख्ख्या बिल्डिंगला एकच मीटर लावल्यासारखं होतं. आकडा वाढला तर प्रत्येकाने गीझर लावला की भाडेकरूच वाढले ते त्यावरून सांगता येत नाही. धागाकर्तीने हे लक्षात ठेव, तुझ्याकडे परत येते.

थुंकीबद्दल म्हणाल तर लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, एचआयव्ही असलेल्यांच्या थुंकीत जंतू कमी सापडतात, आणि टीबी फुफ्फुसाबाहेर असेल तर थुंकीचा उपयोगच नाही. म्हणून जंतू शोधण्याऐवजी शरीराने दिलेला प्रतिसाद शोधायचा अशी कल्पना आहे. २०१० मध्ये नेचरमध्ये लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पेशंटवर काम आलं, त्यात ३९३ ट्रान्सक्रिप्टची (म्हणजे आरएनएची) खूण सापडली. त्यात इंटरफेरॉनने (संसर्ग झाल्यावर पेशी सोडतात तो इशारा) चालू होणारे जीन भरपूर होते, आणि पेशी वेगवेगळ्या करून बघितल्यावर तो आवाज मुख्यतः न्यूट्रोफिलमधून (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) येतोय असं दिसलं. उपचार सुरू केल्यावर ती खूण विरत जाते हेही त्यात दाखवलंय. पुढे २०१६ मध्ये तीनच जीनवर काम भागतं असं आलं: जीबीपी५ आणि डीयूएसपी३ वाढतात, केएलएफ२ उतरतो.

पाषाणचा_पहारेकरी

मॅडमना साष्टांग नमस्कार. एका वाक्यात आख्खा व्हायवा घेतला त्यांनी.

कॉम्बॅट चालवू नकोस. बॅच करेक्शन कसं चालतं बघ, एका बॅचमध्ये थोडे पेशंट थोडे निरोगी, दुसऱ्यातही तसंच, असं असेल तर सॉफ्टवेअरला बॅचचा फरक आणि रोगाचा फरक वेगवेगळा दिसतो. तुझ्याकडे सगळे निरोगी ट्रायझॉलमध्ये आणि सगळे पेशंट पॅक्सजीनमध्ये. मॉडेलमध्ये दोन्ही रकाने घातलेस तर डीईसेक२ हे विश्लेषणाचं पॅकेज सरळ सांगेल की हे दोन रकाने एकच आहेत, मी पुढे जात नाही, आणि ते सांगतं ते बरोबरच आहे. गणिताने ही गाठ सुटत नाही, कुठल्याच पॅकेजने सुटत नाही, आणि कोणी यूट्यूबवर सोडवून दाखवली तर त्याने बॅचसोबत रोगही पुसलेला असतो. एकच बरं झालं की लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी आरएनएची तयारी) आणि सिक्वेन्सिंग एकत्र झालं, म्हणजे गोची फक्त रक्त घेण्यापासून आरएनए काढण्यापर्यंतची आहे.

हे मोठ्यामोठ्यांचं झालेलं आहे बरं का. २००७ मध्ये नेचर जेनेटिक्सला युरोपीय आणि आशियाई लोकांच्या पेशींमध्ये हजाराहून जास्त जीनचं एक्स्प्रेशन वेगळं आहे असा पेपर आला, आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं की युरोपीय सॅम्पलचे मायक्रोॲरे (आरएनए मोजायची जुनी पद्धत) आधीच्या वर्षांत झालेत आणि आशियाई नंतरच्या. मग फरक वंशाचा का कॅलेंडरचा, कोण सांगणार!

"१ मार्च" चं उत्तर सोपं आहे. मार्च१ आणि सेप्ट२ नावाचे जीन होते, एक्सेलने त्यांना तारखा समजून बदलून टाकलं. या रोगाला कंटाळून २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जीनचीच नावं बदलली, आता ते मार्चएफ१ आणि सेप्टिन२ आहेत. कंपनी अजून जुनी नावं वापरतेय म्हणजे एक्सेल बाजूला ठेव आणि त्यांच्याकडून कच्चे काउंट्स (कुठल्या जीनचे किती तुकडे वाचले गेले) टेक्स्ट फाईलमध्ये मागव. त्या एक्सेलमध्ये बहुतेक एफपीकेएम (जीनची लांबी आणि एकूण वाचन यांनी भागलेले आकडे) असणार, डीईसेक२ ला ते चालत नाहीत, पूर्णांकातले काउंट्स लागतात. फास्टक्यू (सिक्वेन्सिंगच्या मूळ फाईल) पण मागव, ते तुमचे आहेत, पैसे दिलेत.

आता एक काम कर, यादीतले वरचे पंचवीसतीस जीन इथे टाक. मला शंका आहे.

वारजे_बायोटेक

धन्यवाद ताई आणि पहारेकरी! वरची यादी अशी आहे, टीबीमध्ये खूप वाढलेले: एचबीए१, एचबीए२, एचबीबी, आरपीएस४वाय१, डीडीएक्स३वाय, जीबीपी५, एफसीजीआर१ए, स्टॅट१, एएनकेआरडी२२. टीबीमध्ये खूप कमी झालेले: एक्सआयएसटी, फॉस, जून, सीएक्ससीएल८, केएलएफ२, आणि पुढे बरेच. केएलएफ२ आणि जीबीपी५ ताईंनी सांगितल्यासारखेच आलेत म्हणून जरा हुरूप आला.

पाषाणचा_पहारेकरी

हाच तो शंकेचा जिन्नस. एक्सआयएसटी बायकांच्या पेशींत चालतो, आरपीएस४वाय१ आणि डीडीएक्स३वाय हे वाय गुणसूत्रावरचे, म्हणजे पुरुषांत. तुझे निरोगी बहुतेक मुली आणि पेशंट बहुतेक पुरुष, हो ना?

वारजे_बायोटेक

अय्या! हो. सीनियरने हॉस्टेलच्या मुलींना पकडून पकडून रक्त घेतलं होतं, त्याबद्दल वडापाव पण दिला होता म्हणे. पेशंटमध्ये चाळिशीच्या पुढचे पुरुष जास्त आहेत.

शनिवारातला_शहाणा

थोडक्यात, पुरुष आणि स्त्रिया वेगळ्या असतात हा शोध लागला. अभिनंदन. पेपर कुठे पाठवताय?

सूक्ष्मजीव_ताई

शहाणे, गप्प बसा जरा, पोरगी टेन्शनमध्ये आहे.

त्या यादीत अजून दोन गोष्टी दिसतायत. फॉस, जून, सीएक्ससीएल८ हे पेशीला जरा धक्का बसला की पटकन वर जाणारे जीन आहेत. ईडीटीए ट्यूबमधलं रक्त जिवंतच असतं, त्या पेशी ट्यूबमध्येही प्रतिसाद देत राहतात. हॉस्टेलवर सकाळी रक्त काढलं, बर्फाच्या डब्यात घालून स्कूटरला अडकवलं, विद्यापीठ चौकात ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं, लॅबला आल्यावर सेंट्रिफ्यूज रिकामं नाही म्हणून अजून थांबलं, हे सगळं त्या तीन जीनमध्ये लिहिलेलं असतं. पॅक्सजीनमध्ये रक्त ट्यूबमध्ये पडल्या पडल्या पेशी फुटतात आणि आरएनए तिथेच गोठल्यासारखा होतो. म्हणजे फॉस टीबीत "कमी" झालेला नाही, निरोगी सॅम्पलमध्ये वाटेत वाढलाय.

हिमोग्लोबिनचंही (एचबीए१, एचबीए२, एचबीबी) तेच. सीनियरने आधी लाल पेशी फोडून फेकल्या, त्यांच्यासोबत कोवळ्या लाल पेशीही गेल्या ज्यात ग्लोबिनचा आरएनए असतो. पॅक्सजीनमध्ये सगळं रक्त एकत्र जातं, आणि ग्लोबिन कमी करायची पायरी केली नाही तर निम्म्याहून जास्त रीड्स (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेले तुकडे) तेच खाऊन टाकू शकतं. टीबीत ॲनिमिया असतो वगैरे कारणं जोडायच्या फंदात पडू नकोस.

बाकी राहिले जीबीपी५, स्टॅट१, एफसीजीआर१ए. हे खरे असण्याची शक्यता चांगली आहे, इतर देशांतल्या कामातही हेच येतात. पण इथे ते बिल्डिंगचं मीटर आठव. टीबीत न्यूट्रोफिल वाढतात आणि लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) उतरतात, त्यामुळे लिम्फोसाइटमधला कुठलाही जीन आपोआप "कमी" दिसतो. पेशंटचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) त्याच दिवशी झालाच असेल, केसपेपरमधून डिफरन्शियल काउंट (कुठल्या पांढऱ्या पेशी किती टक्के) घे आणि न्यूट्रोफिलची टक्केवारी मॉडेलमध्ये घाल. काउंट मिळाले नाहीत तर सायबरसॉर्टसारखी पद्धत आहे, एक्स्प्रेशनवरूनच २२ प्रकारच्या पेशींचा अंदाज देते, पण खरा सीबीसी असताना अंदाज कशाला. आणि रक्त घ्यायच्या आधी कोणाची औषधं सुरू झाली होती तेही बघ, तसे पेशंट वेगळे काढ.

वारजे_बायोटेक

म्हणजे प्रोजेक्ट गेला का? सबमिशन जवळ आलंय. क्यूपीसीआर करून जीबीपी५ पक्का केला तर?

पाषाणचा_पहारेकरी

त्याच आरएनएवर क्यूपीसीआर केलास तर तेच उत्तर परत मिळेल, सिक्वेन्सिंगने बरोबर मोजलं एवढंच सिद्ध होईल. किटचा फरक त्या ट्यूबमध्येच बसलाय.

पण प्रोजेक्ट गेला वगैरे काही नाही. मी असतो तर असं केलं असतं. पॅक्सजीन ट्यूब थोड्या शिल्लक असतील, नसतील तर मॅडमना मागवायला सांग. पेशंटच्या वयाचे निरोगी पुरुष शोध, थोडेच पुरतील, तुमच्या कॉलेजचे शिपाईकाका, क्लार्क, कोणाचे बाबा (संमतीपत्र आणि कमिटीला कळवणं आलंच, हॉस्टेलसारखं धरून आणू नकोस). त्यांचं रक्त पेशंटसारखंच, त्याच ट्यूबमध्ये, त्याच किटने. परत सिक्वेन्सिंगचे पैसे नसतील, नकोच, फक्त जीबीपी५, डीयूएसपी३ आणि केएलएफ२ चं क्यूपीसीआर कर, पेशंट आणि हे नवे निरोगी एकाच प्लेटवर मिसळून. पहिल्या दोघांची सरासरी वजा तिसरा असा स्कोअर काढतात. तुझ्या पुण्यातल्या पेशंटमध्ये हा तीन जीनचा स्कोअर चालतो का, हा स्वतःच नीट प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तुझ्या हातात येऊ शकतं. रेफरन्स (तुलनेसाठी स्थिर धरलेला जीन) म्हणून एकटा जीएपीडीएच घेऊ नकोस, रक्तात तो हलतो, दोनतीन रेफरन्स घेऊन त्यातला कोण स्थिर आहे ते तपास.

सिक्वेन्सिंगचा डेटाही फेकायचा नाही. पेशंट-पेशंटमध्ये तुलना करता येते, ते सगळे एकाच किटचे आहेत ना. एक्सरेमध्ये आजार जास्त पसरलेल्यांत इंटरफेरॉनचे जीन जास्त आहेत का, ते बघ. आणि २०१० च्या त्या कामाचा डेटा एनसीबीआयच्या जीईओ या डेटाबेसवर फुकट आहे, जीएसई१९४९१ या नंबरने. ते मायक्रोॲरे आहे त्यामुळे आकडे एकत्र कालवायचे नाहीत, तुझे जीन तिकडे त्याच दिशेने जातात का एवढंच जुळवायचं. फॉस आणि एचबीबी तिकडे जुळतात का बघ, तोच तक्ता प्रबंधात टाक.

लॅपटॉपचं म्हणशील तर स्टार हा अलाइनर (रीड्स जीनोमवर जुळवणारं सॉफ्टवेअर) माणसाच्या जीनोमला ३० जीबीच्या आसपास रॅम मागतो, तो विसर. साल्मन ८ जीबीत चालतो, नाहीतर गॅलक्सी ही विश्लेषणाची वेबसाईट ब्राउझरमध्ये फुकट आहे. अगदीच अडलीस तर गणेशखिंडला विद्यापीठातल्या बायोइन्फर्मॅटिक्स सेंटरमध्ये किंवा त्याच आवारात एनसीसीएसमध्ये (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) मॅडमच्या ओळखीचं कोणीतरी निघेलच. पुण्यात या विषयातला माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही.

निवांत_कोथरूडकर

वाचनखूण साठवली. वय पंचावन्न, पुरुष, निरोगी (बायकोच्या मते आळशी). रक्त हवं असेल तर सांगा. वडापाव चालेल.

वारजे_बायोटेक

काका, तुमचं नाव कमिटीला कळवल्याशिवाय काही करता येणार नाही, पण थँक्यू!

अपडेट देते. मॅडम आल्या, त्यांना यादी दाखवली तर एक्सआयएसटी बघून हसल्या आणि म्हणाल्या प्रबंधात हेच पहिलं चित्र घे. ट्यूब मागवल्यात. कंपनीने आधी फास्टक्यू द्यायला खळखळ केली, मॅडमनी फोन केल्यावर लिंक आली. सीबीसी बहुतेकांचे मिळाले, काहींचे केसपेपर रेकॉर्ड रूममधून काढायचे आहेत. एकच राहिलं: दोन पेशंटना डायबेटिस पण आहे, त्यांना ठेवू का काढू?

सूक्ष्मजीव_ताई

ठेव, पण पीसीएवर वेगळ्या रंगाने दाखव. आपल्याकडे टीबी आणि शुगर एकत्र असणारे इतके आहेत की ते काढून केलेला अभ्यास कोणाच्या उपयोगाचा? दोघांवरून शुगरबद्दल काही निष्कर्ष मात्र काढू नकोस. एचबीए१सी (शुगरची तपासणी, वरचा जीन नव्हे) केसपेपरमध्ये असेल तर आत्ताच उतरवून घे, रेकॉर्ड रूमला परत हेलपाटा नको.