यांचं घोरणं मध्येच थांबतं, भीती वाटते

प्रश्न: यांच्या घोरण्याची मला सवय आहे. पण गेले २ महिने आवाज मध्येच बंद पडतो. काल मी अंधारात मोजलं, १५ सेकंद श्वासच नाही, मग दचकून मोठा श्वास. कुशीवर वळवलं की कमी होतं. दिवसा गाडी चालवताना डुलकी येते म्हणतात.

उत्तर: ताई, हा स्लीप ॲप्निया असू शकतो. झोपेत घसा मिटतो, हवा अडते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, झोपेची तपासणी करून घ्या. तोवर गाडी त्यांच्या हाती नकोच.

उत्तर: माझ्या बाबांना सीपॅप मशीन दिलं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र. आठवडाभर मास्क ओढून काढायचे, आता स्वतःच लावतात. झोपण्यापूर्वीची दारूही सोडली.

प्रश्नकर्ती: आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केलाय. उद्याच घेऊन जाते.