नाण्यावरची 'के. जी.' अक्षरं कुणाची?

प्रश्न: काकांनी कॅनडाहून आणलेल्या पाच सेंटच्या नाण्यावर ओंडक्यावर बसलेला बीव्हर हा प्राणी आहे. भिंगाखाली बारीक 'के. जी.' दिसलं. किंग जॉर्ज का हो?

उत्तर १: नाही, राजाचा संबंध नाही. ही अक्षरं नाण्याचं चित्र काढणाऱ्या कलाकाराची: जॉर्ज क्रूगर ग्रे, लंडनचे, १८८० ते १९४३. हा बीव्हर त्यांनी १९३७ साली केला. ऑस्ट्रेलियाच्या पेनीवरचं कांगारूही त्यांचंच, तिथेही 'के. जी.' सापडेल.

उत्तर २: ते चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्याही करत, हे नाणी पाहताना विसरू नका. काचेचे तुकडे शिशाच्या पट्टीने जोडतात, म्हणून रेघ ठाम लागते. तीच ठाम रेघ मला त्यांच्या नाण्यांत दिसते. माझ्याकडे त्यांनीच केलेलं न्यूझीलंडचं १९३३ चं सहा पेन्सचं नाणं आहे. त्यावर हुइया पक्ष्याची मादी, चोच लांब आणि विळ्यासारखी वाकलेली. हा पक्षी शेवटचा खात्रीने दिसला १९०७ मध्ये. म्हणजे नाणं निघालं तेव्हा तो उरलाच नव्हता! हातात घेतलं की दरवेळी गलबलून येतं.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. काकांना आत्ताच फोन लावतो.

उत्तर २: नाणं घासून चकचकीत मात्र करू नका, बारीक रेघा जातात.