कोंबड्या जुन्याच जागी येतात

कोंबड्यांच्या फिरत्या खुराड्याच्या चाकांवर इथे इतकी चर्चा झाली, पण त्यात कुणीतरी 'खुराडं रोज हवं तिथे न्यायचं' असं सहज लिहून गेलंय, तिथे मी अडखळलो. चाकांचं म्हणाल तर काळ्या रानात पावसाळ्यात सायकलची चाकं रुततातच. आम्ही ती काढून खाली बाभळीचे दोन वासे लावले, पुढची टोकं खालून तासून. मैंद (रान सपाट करायचं जड लाकूड) ओढावा तसं दोघं मिळून ओढतो. वासे जमिनीला टेकून असल्याने खालची फटही कमी झाली, मुंगसाची भीती तेवढी कमी.

खरी गंमत कोंबड्यांची. आमचं खुराडं ८ बाय ४ फुटांचं, आत गिरिराज जातीच्या वीस कोंबड्या, दिवसभर मोकळ्या. पहिल्यांदा हौसेने ते थेट दुसऱ्या बांधाला नेलं. तिन्हीसांजेला सगळ्या कोंबड्या जुन्या जागी, रिकाम्या जमिनीवर गोळा होऊन बसलेल्या! त्यांना खुराडं नाही, जागा लक्षात राहते. बॅटरी घेऊन एकेक उचलून आणताना रात्रीचे नऊ वाजले, आणि बायकोने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून एका वेळी खुराड्याच्या लांबीइतकंच सरकवतो, मग त्या बरोबर आत शिरतात. लांब न्यायचंच असेल तर दोन-तीन दिवस दाणापाणी आतच देऊन कोंडून ठेवतो. आणि हो, कोंबड्या आत असताना ओढू नका, खुराड्याच्या मागच्या पट्टीखाली त्यांचा पाय सापडतो.