शब्द हवा: 'ट्रिल'ला मराठीत काय म्हणाल?

पत्रकवाली: भाचीचा व्हायोलिनचा कार्यक्रम आहे आणि मराठी पत्रक लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. ती तार्तिनी या जुन्या इटालियन व्हायोलिनवादक-संगीतकाराची 'डेव्हिल्स ट्रिल' सोनाटा वाजवणारे. १७१३ मधे त्याला स्वप्न पडलं की सैतानाशी सौदा झालाय, सहज म्हणून त्याच्या हातात व्हायोलिन दिलं तर तो असं काही वाजवायला लागला की याचा श्वासच अडकला. जागा झाल्या झाल्या व्हायोलिन उचललं, पण ते परत सापडेचना. जे लिहिलं ते माझं सगळ्यात चांगलं, तरी ऐकलं होतं त्याच्या पासंगालाही पुरत नाही, असं त्याने पुढे लालांद नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला सांगितलं. एवढं लिहून झालं, नावापाशी अडलंय. मी 'सैतानी मुरकी' लिहिलं तर सासरे म्हणतात मुरकी नव्हे, गमक.

खर्जातला: दोन्ही नाही. मुरकी म्हणजे तीनचार स्वरांचा झटकन घेतलेला गुच्छ. गमक म्हटलं की हल्ली छातीतून हलवलेला जोरकस स्वर. ट्रिलमधे शेजारचे दोनच स्वर भराभर आलटूनपालटून, एक बोट तारेवर नुसतं थडथडत असतं. आंदोलन तर मुळीच नको, दरबारीचा गंधार किती संथ झुलतो. 'कंप' लिहा.

जुनी पोथी: संगीत रत्नाकरात गमकाचे १५ प्रकार आहेत, कंपित त्यातलाच एक. म्हणजे सासरे बरोबर.

खर्जातला: रत्नाकर तेराव्या शतकातला. कार्यक्रमाला तेव्हाचे लोक येणारेत का?

मायमराठी: मुरकीचं राहूद्या, सैतान अरबी आहे. असुर लिहा. अ-सुर, ज्याला सूर नाही तो.

जुनी पोथी: अहो सूर दीर्घ, असुरातला सु ऱ्हस्व! मुळात असुर हा शब्द आधीचा, त्यातला अ काढून सुर म्हणजे देव हा नंतर पाडलाय. आणि हा बाबा तर अचूक सुरात वाजवतोय, तीच तर भानगड आहे.

मालवणी माणूस: आमच्याकडे देवचार आहे. पण तो गावाचा राखणदार, रात्रीचा काठी घेऊन फिरतो, आत्माबित्मा मागत नाही. नको.

मायमराठी: पत्रकात 'स्वप्न पडलं'च ठेवा हां, हल्ली सगळे हिंदीसारखं 'पाहिलं' लिहितात. पाहायची ती बंगल्याची स्वप्नं, झोपेतलं पडतंच.

पेटीवाली आजी: पण हे तर कानाचं स्वप्न, याला क्रियापद कुठलं? मला एकदा स्वप्नात भूप राग ऐकू आला, त्यात वर्ज्य असलेला मध्यम चक्क लागत होता आणि तरी तो भूपच होता, अजिबात खटकत नव्हता. सकाळी तोंडही न धुता पेटीवर बसले, मध्यम लावला की भूप गायब. यांनी चहा आणून ठेवला तो तसाच गार झाला.

खर्जातला: वा आजी! तार्तिनीलाही असले कान होतेच, दोन स्वर एकत्र जोरात वाजवले की खाली तिसराच ऐकू येतो हे त्याने टिपून ठेवलंय. आपल्या तंबोऱ्यात गंधाराची तार नसताना गंधार ऐकू येतो तसंच.

जुनी पोथी: तसंच नाही हो. तो स्वयंभू गंधार खर्जाच्या एकाच तारेत असतो, त्याला दोन स्वर लागत नाहीत.

पत्रकवाली: मग कंप का?

पेटीवाली आजी: आमच्या तंबोऱ्यात येत नाही गंधार.

खर्जातला: जवारी बसली असेल, म्हणजे तारेखालची घोडी झिजली असेल. मिरजेचा आहे का?