कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्याचा खर्च आपल्या वीजबिलात येईल का?

ऐरोलीकर
औष्णिक केंद्रांच्या धुरातील कार्बन डायऑक्साइड वेगळा करून खोल खडकात साठवण्याविषयी अलीकडे बरेच वाचनात येते आणि त्यात दख्खनच्या बेसाल्टचाही उल्लेख असतो. माझा प्रश्न तंत्राविषयी नाही. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार या रांगेत आणखी एक ओळ होऊन हा खर्च घरगुती ग्राहकाच्या माथी येणार का, आणि तो मान्य किंवा अमान्य करण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेतील काही राज्यांनी याचे नियम केले आहेत. जाणकारांनी तेथील अनुभव सांगावा.

कोपरीकर
तेथे ही दोन वेगळी दप्तरे आहेत. साठवणुकीच्या विहिरीचा परवाना भूजलरक्षणाच्या कायद्याखाली मिळतो. त्यासाठी संघीय पर्यावरण संस्थेने 2010 मध्ये सहाव्या वर्गाच्या विहिरी ठरवल्या, आणि परवाना देण्याचा अधिकार 2018 मध्ये नॉर्थ डकोटाला व 2020 मध्ये वायोमिंगला मिळाला. बिलात काय घालायचे हे मात्र राज्याचा लोकसेवा आयोग (नोकरभरतीचा नव्हे, तेथील वीजदर ठरवणारा) ठरवतो. वायोमिंगने 2020 च्या कायद्याने कोळशाच्या केंद्रांतील कार्बन पकडण्याच्या खर्चासाठी अधिभार घेण्यास मुभा दिली, पण तो ग्राहकाच्या एकूण वीजबिलाच्या 2 टक्क्यांपलीकडे जाणार नाही अशी मर्यादाही घातली.

मिसिसिपीतील केम्पर या कार्बन पकडणाऱ्या कोळसा वीजकेंद्राच्या प्रकल्पाचा अनुभव कडू आहे. प्रकल्प उभा राहण्याआधीच ग्राहकांकडून 18 टक्के दरवाढ वसूल होऊ लागली. ती राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवून पैसे परत करायला लावले. सुरुवातीला 3 अब्ज डॉलरच्या आत असलेला खर्च 7 अब्जांपलीकडे गेला आणि 2017 मध्ये कोळशाचा वायू करण्याचे काम थांबवून केंद्र नैसर्गिक वायूवरच ठेवण्यात आले.

मीटरघर
केम्परचे उदाहरण जपून वापरावे. तेथील कार्बन डायऑक्साइड तेलविहिरींतून जास्त तेल काढण्यासाठी विकायचा होता, आणि फसले ते मुख्यतः कोळशाच्या वायूकरणाचे यंत्र. शिवाय आपल्याकडे केंद्राचा दर वाणिज्यिक संचालन सुरू झाल्यापासून लागतो, बांधकाम चालू असताना नाही. त्या काळातील व्याज मात्र भांडवली खर्चात मिळवले जाते.

आपल्याला जवळचे उदाहरण औष्णिक केंद्रांच्या धुरातील गंधक काढणाऱ्या संयंत्रांचे आहे. डिसेंबर 2015 च्या उत्सर्जन मानकांना वीज नियामक आयोगांनी 'कायद्यातील बदल' मानले आणि त्या संयंत्रांचा खर्च वीजखरेदीतून पुढे सरकवण्याची वाट मोकळी झाली. कार्बनचेही बहुधा तसेच होईल. त्यामुळे नवी ओळ शोधत बसू नका, ती दिसणारच नाही. वायू वेगळा करून दाबण्यासाठी केंद्राचीच वीज आणि वाफ लागते, म्हणून केंद्राचा स्ववापर वाढतो, विकायला युनिटे कमी उरतात आणि प्रत्येक युनिटाची किंमत चढते. हे सारे वीज आकारात विरघळून जाईल, आणि त्यावर 16 टक्के वीज शुल्क आहेच, जे राज्य शासनाचे असल्यामुळे आयोगाच्या हातात नाही.

ऐरोलीकर
आभारी आहे. साठवण संपल्यावर पुढील देखरेखीचा खर्च कोणी सोसायचा?

कोपरीकर
नॉर्थ डकोटात वायू भरणे थांबल्यावर किमान 10 वर्षांनी, सर्व अटी पुऱ्या झाल्यास, जबाबदारी राज्याकडे जाते आणि त्यासाठी प्रत्येक टनामागे आधीच शुल्क घेऊन निधी साठवतात. ते शुल्क भरणारी वीजकंपनी असेल, तर तोही तिच्या लेखी चालू खर्चच ठरतो.

मीटरघर
अधिकाराविषयी थोडक्यात. महानिर्मितीच्या केंद्रांचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, एनटीपीसीचे केंद्रीय आयोग. म्हणून दोन्हीकडे लक्ष हवे. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 64 नुसार दरप्रस्ताव प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या हरकतींचा विचार करूनच आदेश निघतो. शासनाला ग्राहकाचा भार हलका करायचा असेल, तर कलम 65 खाली ती रक्कम त्याने आगाऊ द्यावी लागते. असा प्रस्ताव आलाच, तर हरकतीत दोन आकडे वेगळे मागावेत: संयंत्रासाठी वाढलेला स्ववापर, आणि प्रति टन साठवणूक शुल्क. एकत्रित वीजखरेदी खर्चात ते मिसळले की सुनावणीत पकडता येत नाहीत.