साहेब गेला, म्हणजे जबाबदारी ठरली का?

अंत्रुजकर:
फोंड्यात घरी बसून एका बड्या परदेशी कंपनीचं काम करतो. चवथीच्या आदल्या रात्री माटोळीला (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीला) आंबाडे बांधत होतो, तेवढ्यात मेल. आमचा व्हाइस प्रेसिडेंट 'नव्या संधीच्या शोधात' जातोय म्हणे! ज्या प्रॉडक्टचा त्याने गाजावाजा केला तो नुकताच गुंडाळला, मेलमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नाही. टीममधली पोरं तर आधीच घरी बसली. ही जबाबदारी की नुसती खुर्ची हलवाहलवी? ओळखायचं कसं?

पर्वरीची बाय:
कारण वाचत बसू नका, खातं कुणाकडे गेलं ते बघा. 2012 मध्ये ॲपलचे मॅप्स फसले. सप्टेंबरअखेर सीईओ टिम कुकने जाहीर माफी मागितली, ऑक्टोबरअखेर आयफोनच्या सॉफ्टवेअरचा प्रमुख स्कॉट फोर्स्टॉल जाणार असं जाहीर झालं. माफीपत्रावर सही करायला तो तयार नव्हता, असं तेव्हा छापून आलं होतं. त्याच्या खात्यातलं आयओएस, म्हणजे आयफोनची मुख्य प्रणाली, क्रेग फेडरिगीकडे, मॅप्स आणि बोलका मदतनीस सिरी एडी क्यूकडे, स्क्रीनचं रंगरूप जॉनी आइव्हकडे, असं तिघा साहेबांत वाटलं. राज्यच फोडलं. अर्थात पुढच्या वर्षापर्यंत 'सल्लागार' होताच तो, मोठ्यांची पाठवणी अशीच असते.

डिचोलीकर:
बाय, चिप बनवणाऱ्या इंटेलचं काय मग? ऑगस्ट 2024 मध्ये 15 टक्क्यांहून जास्त माणसं कमी करायची घोषणा. डिसेंबरात सीईओ पॅट गेल्सिंगर 'निवृत्त'. चिपचे नवे कारखाने उभारायच्या योजनेला ज्या संचालक मंडळाने मान डोलावली, त्याचे अध्यक्ष फ्रँक यिअरी मात्र जागेवरच. उलट हंगामी कार्यकारी अध्यक्ष झाले! आणि बोनस परत घेतील ही आशा सोडा. अमेरिकेत शेअर बाजारात लिस्टेड कंपन्यांना 2023 पासून तसं धोरण ठेवावं लागतं, पण ते हिशेब चुकीचे निघाले तर. प्रॉडक्ट बुडाला म्हणून कोणी दमडी मागत नाही.

अंत्रुजकर:
खातं त्याच्याच उजव्या हाताकडे गेलंय. प्रॉडक्टच्या प्रत्येक सादरीकरणात हाच शेजारी बसायचा. सोमवारी टाऊन हॉल, म्हणजे साहेबांसोबत सगळ्यांची सभा आहे, विचारू का?

पर्वरीची बाय:
विचारा, पण 'चूक कुणाची' नको. 'पुढचा प्रॉडक्ट चालला नाही तर थांबवायचं कोण ठरवणार, आणि कधी?' असं विचारा. उत्तरात माणसाचं नाव आलं तर ठीक. 'आम्ही सगळे मिळून' आलं तर बायोडेटा काढून ठेवा.

डिचोलीकर:
आणि प्रश्न निनावी टाकता येतो का ते आधी बघ रे बाबा, घराचे हप्ते चालू असतील तर.