उन्हाळी फळांचा कॉबलर: नागपूरच्या स्वयंपाकघरांतले अनुभव

कॉबलर म्हणजे खाली फळं, वर पिठाचे मऊ गोळे, आणि सगळं एकाच भांड्यात भाजलेलं. पदार्थ अमेरिकेचा, तिथे पीचचा जास्त करतात. आपल्याकडे मे महिन्यात बैंगनफल्ली आंबा उत्तम. २० सेंमीच्या भांड्याचं माप: आंब्याच्या फोडी ७०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा. वरच्या थरासाठी मैदा १५० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, लोणी ७५ ग्रॅम, दूध ९० ते १०० मिली. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) १९० अंशांवर, वेळ ३५ ते ४० मिनिटं. इथल्या उन्हाळ्यात काय जमतं आणि काय बिघडतं, ते सविस्तर लिहा, असं नागपूरकरांना सांगितलं होतं; त्यांची उत्तरं त्यांच्या वस्तीच्या नावाखाली दिली आहेत.

धरमपेठ
खरी अडचण लोण्याची. शंकरपाळ्याला मोहन गरम घालतो, इथे बरोबर उलट: लोणी थंडगारच हवं. त्याचे मटारएवढे कण पिठात राहिले, की ओव्हनमध्ये ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर हलका होतो. लोणी आधीच वितळलं तर पीठ तेलकट होऊन दडस बसतं. मे महिन्यात ओट्यावर ठेवलेलं लोणी बघता बघता पातळ होतं. म्हणून लोणी फ्रीझरमध्ये कडक करून किसणीवर किसायचं. मैदा आणि वाडगाही अर्धा तास फ्रिजमध्ये. बोटांनी चोळत बसू नका, काट्याने हलवा. दूध घातल्यावर पीठ जेमतेम एकत्र आलं की थांबायचं, मळलं की चिवट झालंच. खारवलेलं लोणी असेल तर वेगळं मीठ नको.

महाल
वरून सोनेरी, आतून कच्चा चिकट थर: ही तक्रार सर्वांत जास्त. कारण थंड फळं. वरचा भाग भाजून होतो, पण गोळ्यांच्या तळाला उष्णता पोचत नाही. आधी नुसती फळं १० ते १२ मिनिटं भाजा, कडेला रस उकळू लागला की त्या गरम फळांवर चमच्याने गोळे सोडा, मध्ये फटी ठेवून. फटी बुजवल्या तर वाफ कोंडते.
दूधही ओटीजी तापल्यावरच पिठात घाला. ओलं झालं की बेकिंग पावडरचं काम सुरू होतं. तेवढ्यात वीज गेली तर फुगवटा वाया जातो. कोरडं मिश्रण मात्र फ्रिजमध्ये खुशाल थांबतं.

प्रतापनगर
आंबा पाडाचा किंवा नुकता पिकलेला घ्या. पूर्ण पिकलेल्याचा रस होतो, फोड राहत नाही. गोड आंब्याला लिंबू दुप्पट केलं तरी चालतं. साखर मात्र भांडं आत जाण्याच्या अगदी आधी लावा, नाहीतर पाणी सुटतं.

मानेवाडा
ओटीजी नसेल तर जाड बुडाची कढई, आत स्टँड, वर घट्ट झाकण. १० मिनिटं तापवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. झाकणाची वाफ थेंबाथेंबाने गोळ्यांवर पडते आणि ते लिबलिबीत होतात, म्हणून झाकणाला कापड बांधा, टोकं वर घेऊन, आचेपासून दूर. रंग फिकाच येतो. चव चांगली असते.

सदर
जूनमध्ये जांभूळ. बिया काढून गर ५०० ग्रॅम, साखर ९० ग्रॅम, कारण तुरटपणा साखरेनेच झाकला जातो. भांडं काचेचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनियममध्ये आंबट फळाला धातूची चव येते. खरबूज टाळा, त्यात पाणीच फार. आलुबुखारा मस्त होतो, सालीसकट. वर चारोळी पेरली तर छान खमंग लागते, फक्त शेवटच्या १५ मिनिटांत घाला, आधी घातली तर करपते.

धरमपेठ, पुन्हा
झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. मधोमध जाड, संथ बुडबुडे दिसले पाहिजेत. कॉर्नफ्लोअर रस चांगला उकळल्यावरच नीट आळतं. नुसत्या कडेच्या बुडबुड्यांवर काढलं तर तळाशी पांढुरकं पाणी राहतं. बाहेर काढल्यावर २० मिनिटं हात लावायचा नाही, रस तेव्हा घट्ट होतो. उरलेलं त्याच दिवशी फ्रिजमध्ये, या उकाड्यात ओट्यावर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी १५० अंशांवर १० मिनिटं ओटीजीत गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये गोळे ओलसर होतात.